नवशिक्या

‘चुकीची चाल’ अशी लाल अक्षरं उमटली आणि बाबांनी चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं. मग ते बोट त्यांनी पायजम्याला पुसलं, चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. बँकेच्या खिडकीतून स्लिप परत आली की म्हातारी माणसं शेजारच्याकडे बघतात तसं ते बघणं होतं. आपलंच काहीतरी चुकलं असणार हे आधीच कबूल करून टाकलेलं. मिसरूड फुटल्यापासून बुद्धिबळ खेळत आलेला हा माणूस, ज्याच्याशी पट मांडायला मालेगावापासून मंगरूळपीरपर्यंतचे लोक बिचकायचे, तो वाशीमच्या आमच्या पुढच्या खोलीत एका जुन्या टॅबपुढं वरमून बसला होता. आणि ती अक्षरं मीच लिहिली होती. रंगही मीच निवडला होता. चुकीला लाल, बरोबरला हिरवा. उभी नोकरी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात घालवलेल्या माणसाला याहून वेगळं काय सुचणार होतं?

‘काय चुकलं माह्यं?’ बाबांनी विचारलं.

मी पाहिलं. त्यांनी राजाला घोड्यासारखं अडीच घरं उडवलं होतं. राजा एकच घर चालतो, असं मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझा आवाज ऑफिसातल्या मीटिंगमधला झाला. बाबांनी वाकून पट पुन्हा पाहिला. मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, ‘शह लागला नाही ना अजून त्याले. शह लागाच्या आधी एक खेप उडी असते राजाले. तुह्या त्याले कोणी सांगतलं नाही?’

नव्हतं सांगितलं. मी जगाचे नियम घेतले होते, इंटरनेटवर सगळं जग ज्यांनी खेळतं ते. आमच्याकडे शेतावरच्या गुरांच्या कोठ्यात, कोळशानं आखलेल्या पटावर, जे खेळलं जायचं ते त्या जगात नव्हतं. मला हे माहीत असायला हवं होतं, पण मी अकरावीलाच होस्टेलला गेलो आणि बुद्धिबळ शिकलो ते पुण्यात, कंपनीच्या कँटीनमध्ये. बाबांचा खेळ मी लहानपणी फक्त ऐकला होता, पाहिला नव्हता. शेतातल्या घरी चुलीजवळ अभ्यास करताना बाहेरच्या कोठ्यातून मोहनसिंगकाकांचा आवाज यायचा, ‘चाला ना जानरावभाऊ, का तूर कापाची वाट पाहून राह्यले?’ आणि मग दोघांचं हसणं.

मोहनसिंगकाका आमच्या शेताला लागून असलेल्या तांड्यावरचे. दसरा झाला की बायको-लेकरांसकट ऊस तोडायला पश्चिमेकडं जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. पाचटानं चिरलेल्या हातांनी आधी पट मांडायचे, मग चहा. एक हत्ती कधीचा हरवला होता, त्याच्या जागी बॅटरीचा जुना सेल उभा असायचा. पुढं बाबांचे गुडघे गेले, शेत बटईनं दिलं आणि माय आणि बाबा वाशीमला राहायला आले, तरी काका एसटीनं यायचे, दिवसभर खेळायचे आणि सांजच्या गाडीनं जायचे. मागच्या पोळ्यानंतर ते गेले. तेव्हा मी पुण्यातच होतो. फोनवर बाबा म्हणाले, मोहनसिंग गेला, आणि मी विचारलं, कुठं? तेव्हापासून बाबांनी मोहरे कपाटावर ठेवून दिले आणि खिडकीपाशी बसायला लागले. ऑटो बघायचे. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा निघून जायचा. डॉक्टरला काही सापडलं नाही. मायचं नाव गोजराबाई, आणि तिच्या बोलण्याला कधी कुणाची साथ लागलेली नाही, तरी तीही एकदा फोनवर म्हणाली की घरात माणसं दोन हायेत पण बोलणारी मी एकटीच राह्यली.

मग कंपनीनं मला मोकळं केलं. मोकळं करणं हा त्यांचाच शब्द. मीही तोच वापरतो, सोयीचा आहे. बायकोची, साधनाची, पुण्यात शाळेत नोकरी, मुलीची दहावी, तेव्हा मी एकटाच वाशीमला आलो, म्हटलं आईवडिलांकडे थोडं राहू, फोनवरून मुलाखती देऊ. मुलाखत घेणारी पोरं माझ्या अर्ध्या वयाची. ती मला विचारायची, सर, तुम्ही स्वतः काय बांधलंय? आणि मी सांगायचो ते सगळं दुसऱ्यांनी बांधलेलं असायचं, मी फक्त त्याच्या भिंती ठोकून पाहिलेल्या. फोन ठेवल्यावर एक थकवा यायचा, झोपून न जाणारा. मधल्या वेळेत बाबांशी दोन-तीनदा खेळायला बसलो. त्यांनी मला चुटकीसरशी हरवलं आणि दर वेळी सौजन्यानं म्हणाले, ‘तुह्यं काम असन, जाय तू.’ माझं लक्ष नव्हतं हे त्यांना कळत होतं. मला कळत होतं की आज ना उद्या नोकरी लागेल, मी जाईन, आणि हा माणूस पुन्हा त्या खिडकीत बसेल, आणि या वेळी तिथून उठणार नाही. तर आपल्या जागी कोणीतरी बसवून जावं. मोबाईलवर तयार खेळ ढिगानं मिळतात; एक दाखवला, तर चालीगणिक जाहिरात, आणि त्यानं बाबांना असं झोडपलं की बाबांनी फोन उलटा करून ठेवला. म्हणून मीच लिहायला घेतलं. दुसरंही कारण होतं. एकदा तरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काहीतरी माझं असावं.

सुरुवात सोपी असते. पट म्हणजे चौसष्ट आकड्यांची एक लांब रांग. रिकामं घर शून्य, प्यादं एक, घोडा दोन, असं करत जायचं. रांग मोडून पट कुठं होतो आणि घर कुठं संपतं हे मात्र यंत्राला कळत नाही, ते सांगावं लागतं, आणि मी सांगायला विसरलो. त्यामुळे माझा पहिला घोडा डाव्या काठावरून बाहेर पडला आणि पलीकडून उजव्या काठावर उगवला. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, ‘शिकून राह्यला तो. होते असं.’ तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. पण त्या क्षणापासून तो ‘तो’ झाला. माय त्याला डबडं म्हणायची.

उडीचा घोळ झाल्यावर मी सगळे नियम पुन्हा लिहायला काढले. रोज दुपारी जेवणं झाली की बाबा सांगायचे आणि मी लिहायचो. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याच्या घरात पोचलं तेच होते. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, मनात आलं म्हणून वजीर नाही. राजाची उडी एकदाच, तीही शह लागेपर्यंत. मी आपला चुका शोधणारा माणूस, मला फटी दिसतात. मी विचारलं, शह लागला, पण राजा हललाच नाही, मधे प्यादं घालून शह अडवला, तर उडी राहते की जाते? बाबा थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मग म्हणाले, ‘याच्यावरून आमचा एक अख्खा उन्हाळा अबोला होता. मोहनसिंग म्हणे राहते, मी म्हणो जाते.’

‘मग काय लिहू?’

त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला.

‘त्याचंच लिही,’ म्हणाले.

मी लिहिलं. एवढ्या वर्षांत मी हजारो ओळी वाचल्या, पण कुणीतरी कुणाला दिलेली ओळ मी पहिल्यांदाच टाइप करत होतो.

पहिल्या पायरीवर यंत्राला अक्कल नसते. नियमात बसणाऱ्या सगळ्या चाली काढायच्या आणि त्यातली एक डोळे मिटून उचलायची, चिठ्ठी काढतात तशी. बस, एवढाच तो. वजीर मारात उभा आहे की नाही हे त्याला दिसत नाही; आपण जिंकतोय की हरतोय याची त्याला खबर नसते. असा हा ठार आंधळा गडी मी बाबांपुढं बसवला, आणि बाबा खुलले. सकाळी लवकर अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून ते टॅबपुढं बसायला लागले. भाजीवालीला थांबवून सांगायचे, पोरानं एक गडी बनवला, कच्चा हाये, पण जिद्दीचा हाये. त्याच्याशी बोलायचे. ‘हत्ती देतं का असा फुकट? पाह्य बरं मागं. जोर नाही ना त्याले कोणाचा.’ जोर म्हणजे मागून कुणाचं तरी रक्षण असणं. ज्या मोहऱ्याला जोर नाही तो मेला समजायचा. आणि पुढच्या खेपेला चिठ्ठीतून योगायोगानं बरी चाल निघाली की बाबा माझ्याकडे वळून म्हणायचे, ‘पाह्यलं? काल सांगतलं ते ध्यानात ठेवलं त्यानं.’ मी मान हलवायचो. त्याच्या ध्यानात काहीही नव्हतं. खेळ संपला की तो सगळं विसरायचा, विसरायलाही त्याच्याजवळ काही नसायचं. मला त्या मान हलवण्याचा शीण यायचा. एका बुद्धिमान माणसाला मी रिकाम्या डब्याशी बोलायला लावलं होतं, आणि तो डब्यातून उत्तरं ऐकत होता, आणि दोन घास जास्त जेवत होता.

एक दिवस ते म्हणाले, ‘त्याले सांग, मी बिनवजिराचा खेळतो.’ आमच्याकडे ही रीत आहे. समोरचा नवशिक्या असला की जाणत्यानं स्वतःचा वजीर आधीच पटाबाहेर काढून ठेवायचा. त्यानं समोरच्याचा मान राहतो आणि खेळात जीव येतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये तशी सोय नव्हती, ती मी केली. सुरुवातीला एक खूण, वजीर काढू का, हो किंवा नाही. बाबांनी ‘हो’वर बोट ठेवलं, आणि या वेळी बोट पुसलं नाही. मायनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि मला खुणेनं बोलावलं. तिला काही सांगायचं नव्हतं. तिनं नुसता माझ्या हातावर गुळाची ढेप फोडताना उडालेला खडा ठेवला.

मग नोकरी लागली. पुण्यातच, पुन्हा दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, पण लागली. साधना फोनवर रडली. मी घरात सांगितलं, बाबा म्हणाले, बरं झालं, आणि टॅबकडे वळले. जायच्या आधी थोडे दिवस हातात होते. आता मला वाटतं, त्या दिवसांत मी काहीच करायला नको होतं. पण अर्धवट काम मागं टाकून जाणं जमेना, आणि खरं सांगायचं तर मला त्या चिठ्ठीबहाद्दराची लाज वाटत होती. मी गेल्यावर कधीतरी बाबांना कळणार, की हा शिकत नाही, हा आहे तसाच राहणार. आणि मग ते कुणाकडे बघतील? शिवाय त्यांना बरोबरीचा गडी मिळावा, मोहनसिंगकाकांसारखा, घाम काढणारा, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून मी त्याला डोळे दिले. मोहऱ्यांच्या किमती ठरवल्या. मग पुढचं बघायला शिकवलं: मी हे केलं तर तो काय करील, त्यावर मी काय करीन, त्यावर तो. झाडाच्या फांद्यांसारख्या चाली फुटत जातात, त्यातल्या वाळक्या छाटायच्या आणि उरलेल्यांवर चढून दूरवर बघायचं. हे पहिल्यांदा चाललं ती सकाळ मला आठवते. अंगणात माय तूर सोलत होती, शेजारी कुणाच्या तरी मोटारसायकलला किक बसत नव्हती, आणि माझ्या यंत्रानं मी लावलेला सापळा ओळखून घोडा मागं घेतला. मी एकटाच हसलो. बांधलं, मी म्हटलं. मी काहीतरी बांधलं.

बाबांना मी काही सांगितलं नाही. ते नेहमीसारखे वजीर काढून बसले, आणि हरले. हरल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, साधलं. त्यांनी मायला हाक मारून बोलावलं, ‘गोजरे, हे पाह्य, मले हरवलं पोट्ट्यानं. शिकला.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘नाही’वर बोट ठेवलं आणि वजीर घेऊन खेळायला बसले. बरोबरीनं. बराच वेळ चालला तो डाव, आणि ते हरले. त्यानंतर रोज हरत गेले. बोलणं कमी झालं. जोर आहे का, मागं पाह्य, असं काही म्हणायची वेळच बाबांवर येईना. तो चुकतच नव्हता. बाबा चाल करायचे, तो क्षणात उत्तर द्यायचा, आणि बाबांच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथंच राहायचं. मला ते दिसत होतं. पण मी बॅग भरत होतो, पुण्याच्या घरासाठी मायनं दिलेल्या डाळीच्या पिशव्या बांधत होतो, आणि मला वाटत होतं, सवय होईल.

निघायच्या दिवशी दुपारी ते शेवटचा डाव खेळले. मी समोर खुर्ची घेऊन बसलो. त्यांचा राजा कोपऱ्यात अडकला, उडी कधीच वापरून झाली होती. त्यांनी पटाकडे सावकाश पाहिलं, सगळ्या वाटा बंद आहेत याची खात्री करून घेतली, आणि मान हलवली. मला राहवेना. काहीतरी करायला हवं होतं, तेही आत्ता, माझ्या हातात वेळ नव्हता.

‘बाबा, पुढच्या खेपेपासून त्याचा वजीर काढून ठेवू का?’ मी विचारलं.

म्हटलं आणि कळलं काय म्हटलं ते. वजीर कुणासाठी काढतात हे मला या माणसानंच शिकवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, जरा नवलानं.

‘माह्यासाठी?’ म्हणाले.

मी घाईघाईनं सारवासारव केली. म्हटलं, तसं नको तर मी त्याला पुन्हा पहिल्यासारखा करतो, एक आकडा बदलला की झालं, दोन मिनिटांचं काम. मी लॅपटॉप उघडायलाही लागलो होतो. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘नको,’ ते म्हणाले. ‘शिकलेल्याले कोणी पुन्हा अडाणी करते का रे? शिकला ना तो. चांगलं झालं. आता त्याले माह्यं काय काम?’

त्यांच्या आवाजात तक्रार असती तर मी भांडलो असतो. तक्रार नव्हती. उलट काम उरकल्याचं एक समाधान होतं, आणि त्याखाली खूप खोल थकवा, आणि मला रडू येत होतं. त्यांनी मी शिकवलं होतं तसं बाजूचं बटण दाबून टॅब बंद केला, दुपट्ट्यानं काच पुसली आणि तो माझ्या हातात दिला.

‘घेऊन जाय पुण्याले,’ म्हणाले. ‘तिथं त्याच्या बरोबरीचे भेटतीन त्याले.’ मग गुडघ्यावर हात टेकून उठता उठता त्यांनी विचारलं, ‘तुही ट्रॅव्हल्स कितीले आहे?’

मी वेळ सांगितली. ती ऐकून त्यांनी मायला आत हाक दिली की भाकरी लवकर टाक, पोराले उपाशी गाडीत बसवू नको. आवाज अगदी सरळ होता, सरावाचा. मी होस्टेलला निघालो त्या दिवशीही त्यांनी हेच केलं असणार, असाच आवाज सांभाळला असणार. मला ते आठवत नाही. तेव्हा मी बसकडे बघत होतो.